गट क्रमांक सापडतो का?

(पडद्यावर: मोबाइलवर उघडलेली स्कॅन केलेली नोटीस. दोन बोटं ती मोठी करत जातात.)

पान जरा तिरकं आलंय. उजवी कड स्कॅनरमध्ये कापली गेलीय. निळा गोल शिक्का नेमका आकड्यांच्या रकान्यावर बसलाय. २१४ आहे की २७४? त्या एका आकड्यावर कुणाची तरी विहीर, बांध आणि बांधावरची झाडं अवलंबून आहेत, कारण ही भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ११ सांगतं, की अशी अधिसूचना राजपत्रात छापायची, दोन दैनिकांत द्यायची, ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लावायची, आणि शासनाच्या संकेतस्थळावरही टाकायची. हरकत घ्यायला कलम १५ प्रमाणे ६० दिवस मिळतात. चावडीवरचा कागद गावात राहणाऱ्याला दिसतो. पण सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे तो कंपनीतल्या नोकरीसाठी ठाण्याला किंवा सुरतेला असेल, तर त्याची चावडी म्हणजे हा मोबाइलच.

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा जिना, फायलींच्या कपाटांमधली वाट, टेबलावरचा संगणक.)

पूर्वी संकेतस्थळावर एक ओळ बदलायची तरी तंत्रज्ञ लागायचा. पानाचा कोड उघडा, मजकूर घाला, फाइल सर्व्हरवर चढवा. कार्यालयातून कागद निघायचा आणि तंत्रज्ञाला सवड होईपर्यंत वाट बघत पडायचा. आशय व्यवस्थापन प्रणालीनं, म्हणजे सीएमएसनं, ही वाट मोडीत काढली. सांगाडा एकदाच उभारायचा. मजकूर भरायला कोड यायची गरज नाही, टंकलेखन येणारा कुणीही तो भरू शकतो.

आपल्याकडच्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांमागे अशीच एक प्रणाली आहे, एसथ्रीवास. सिक्युअर, स्केलेबल आणि सुगम्य, असे तीन ‘एस’. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं तयार केली. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं कार्यालय जिल्ह्याजिल्ह्यात आहे. पानाच्या मूळ कोडात डोकावलं तर वर्डप्रेसच्या खुणा दिसतात. २००३ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज सरकारी नोटिसा वाहून नेतंय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. या जिल्ह्याचं संकेतस्थळ त्या जिल्ह्यासारखंच दिसतं, अशी तक्रार कधी कानावर येते. मला त्यात सोयच दिसते. एका ठिकाणी ‘सूचना’ कुठं असतात हे कळलं, की दुसऱ्या जिल्ह्यात चाचपडावं लागत नाही.

(पडद्यावर: सूचना भरायचा फॉर्म. कर्सर रिकाम्या चौकटीत लुकलुकतोय.)

आता हा फॉर्म नीट बघा. शीर्षक. वर्णन. सुरुवातीची तारीख. शेवटची तारीख. फाइल. सगळा कारभार एवढ्या पाच चौकटींत आहे.

हे भरणाऱ्या लिपिकाकडे बहुधा आणखी दोन टेबलं असतात. तो शीर्षकात लिहितो ‘भूसंपादन अधिसूचना’, वर्णनात तेच पुन्हा चिकटवतो, फाइल जोडतो आणि पुढच्या कामाला लागतो. यादीत एकाखाली एक दहा नोंदी दिसतात, दहाच्या दहा ‘भूसंपादन अधिसूचना’. गाव कुठलं, तालुका कुठला, प्रकल्प कुठला, काही कळत नाही. शेवटच्या तारखेचंही तसंच. ती उलटली की सूचना समोरच्या यादीतून उठून संग्रहात जाते. हरकतीची मुदत ६० दिवस आणि चौकटीत भरलेली तारीख ३० दिवसांची असेल, तर एकतिसाव्या दिवशी शोधणाऱ्याला ती समोर दिसणारच नाही.

आणि स्कॅन? त्यामागे आळस नाही. सही, शिक्का आणि जावक क्रमांकाशिवाय कागदाला किंमत नाही, हे कार्यालयात मुरलेलं आहे, आणि ते चुकीचंही नाही. म्हणून युनिकोडमध्ये स्वच्छ टाइप केलेला मजकूर छापतात, त्यावर सही घेतात, मग त्याचा फोटो काढावा तसा स्कॅन करतात. ज्या क्षणी तो स्कॅन होतो, त्या क्षणी त्यातली अक्षरं संपतात. उरतं चित्र. संकेतस्थळाच्या शोध चौकटीत गावाचं नाव टाका, काही येत नाही. गूगललाही ते सापडेलच याची खात्री नाही.

(आवाज: स्क्रीन रीडर यांत्रिक स्वरात मेनू वाचतो. फाइल उघडताच गप्प होतो.)

ही शांतता ऐकलीत? दृष्टिहीन माणसासाठी पानाच्या माथ्यावर ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही कळ आहे, अक्षरं मोठी करायची सोय आहे, रंगांचा ठळकपणा बदलता येतो. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि सुगम्यतेवर त्यांचा भर आहे. सांगाड्यानं आपलं काम चोख केलंय. वाट थेट दारापर्यंत आणते, आणि दारात स्कॅन उभा असतो. याचा मला फार त्रास होतो, कारण उपाय त्याच फॉर्ममध्ये, दुसऱ्या चौकटीत आहे.

सही-शिक्क्याचा स्कॅन राहू द्या. त्याच्यासोबत वर्णनात गाव, तालुका आणि गट क्रमांक टाइप करा. अधिसूचनेचा मसुदा त्याच संगणकावर कुठल्यातरी फोल्डरमध्ये असतो, तिथून उचलून चिकटवला तरी चालतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हेच मागतं, की माहिती स्थानिक भाषेत आणि सहज मिळेल अशी असावी.

(पडद्यावर: वर्णनाची चौकट. आकडे एकेक उमटतात. २११. २१२/१. २१४.)

लिपिक थांबतो. मूळ फाइल उघडून पुन्हा बघतो. हो, २१४च. स्वल्पविराम देऊन पुढचा गट टाइप करतो.