लॅक्स्टनची शिवफेरी

(दृश्य : धुक्यातलं शिवार. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत बसलेली माणसं. खाली नुकता उगवलेला गहू.)

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. इंग्लंडच्या मध्य भागातली नॉटिंगहॅमशर काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आणि तिच्यातलं लॅक्स्टन हे लहानसं गाव. पेरलेला गहू जेमतेम बोटभर वर आलाय. जमीन भारी, चिकण मातीची. बूट उचलला की चिखल सोबत येतो. ट्रॉलीतून उतरणारी माणसं याच गावची, शेती करणारी. कुणाच्या हातात लाकडी खुंट्यांचा भारा आहे, कुणाच्या हातात हातोडा.

ही ज्युरी आहे.

ज्युरी म्हटलं की डोळ्यांपुढे खुनाचा खटला येतो. इथला प्रश्न साधा आहे. पेरणी करताना कुणाचा नांगर हद्दीबाहेर गेला का? सामाईक रस्त्याचा एखादा फूट, गवताच्या पडीक जमिनीची एखादी कड कुणी आपल्या शेतात ओढून घेतली का? मराठीत याला दोन शब्द पुरतात : बांध कोरणे.

(दृश्य : शिवाराचा वरून दिसणारा देखावा. लांबच लांब पट्ट्या.)

वरून पाहिलं की लॅक्स्टनचं वेगळेपण चटकन कळतं. आजूबाजूच्या गावांत चौकोनी शेतं आणि प्रत्येकाला झाडझुडपांचं दाट कुंपण. लॅक्स्टनच्या या भागात मात्र कुंपणच नाही. तीन अफाट मोकळी शेतं आहेत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. यातलं एकेक शेत म्हणजे अख्खं शिवारच, आणि त्यात अनेकांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून. एका शेतकऱ्याची जमीन तिन्हीकडे विखुरलेली. त्यामुळे चांगली माती कुणा एकाच्या वाट्याला आणि पाणी धरणारी दुसऱ्याच्या, असं पूर्वी कुणाला म्हणता येत नसे.

पिकाची पाळीही सगळ्यांची एकच. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला. पुढच्या वर्षी पाळी एकेक घर पुढे सरकते. माझ्या पट्टीत मी हवं ते लावीन, असं इथे चालत नाही. शेजाऱ्याचा नांगर थांबला की आपलाही थांबवायचा, ही इथली रीत.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधली असंख्य गावं अशीच कसली जात. मग कुंपणाचे कायदे आले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात संसदेने एकेका गावासाठी कायदा केला, विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून प्रत्येकाला वेगळा तुकडा दिला आणि गायरानंही वाटून टाकली. ज्याच्याकडे कागद होता त्याला जमीन मिळाली. ज्याची फक्त एक गाय होती आणि ती सामाईक गवतावर चरत होती, त्या माणसाच्या हाती फारसं काही लागलं नाही. इंग्लंडच्या खेड्यांतून शहरांकडे गेलेल्या माणसांच्या कहाणीत या कुंपणांचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

लॅक्स्टन त्यातून पुरतं कधीच गेलं नाही. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने १६३५ साली गावाचा नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. एकेक पट्टी त्यात आखलेली आहे आणि तिन्ही शेतं जागच्या जागी आहेत. पट्ट्यांची संख्या तेव्हापेक्षा आता कमी आणि त्या रुंद झाल्यात, सामाईक शेतांचं क्षेत्रही आकसलंय. पण तो नकाशा हातात घेऊन आजही या शिवारात वाट काढता येईल.

(दृश्य : हातोड्याचा घाव. खुंटी मातीत शिरते. जवळून.)

आता ही खुंटी नीट पाहा.

पट्टीच्या टोकाशी, जिथे नांगरट संपते आणि गवती रस्ता सुरू होतो, तिथे एक जण उभा राहतो. दुसरा पुढच्या टोकाशी. तिसरा मागे सरकून एक डोळा मिटतो आणि दोघांच्या रेषेत पाहतो. थोडं डावीकडे. अजून थोडं. हां, तिथेच. मग हातोडा पडतो. नांगराचा तास खुंटीच्या पलीकडे गेलेला दिसला तर कुणी ओरडत नाही, पण सगळ्यांना दिसलेलं असतं. ज्याची ती पट्टी, तो माणूस कदाचित याच घोळक्यात उभा असतो. पुढच्या वर्षी खुंट्या ठोकायला आलेला असतो तोच, आणि आज डोळा मिटणाऱ्याची पट्टी तेव्हा तपासली जाते.

ज्युरी एवढ्यावर थांबत नाही. चर साफ आहेत का, पाणी निघून जातंय का, रस्त्यावर काही टाकलंय का, सगळं पाहिलं जातं. या जमिनीत चर तुंबला की पाणी आधी दुसऱ्याच्या गव्हात शिरतं, म्हणून चराची चौकशीही नांगरटीइतकीच कसून होते. आणि पाहायचे असतात साइक्स. साइक म्हणजे शेतातल्या ओलसर, सखल, नांगर न चालणाऱ्या जागा, नुसत्या गवताच्या. शतकानुशतकं नांगर न लागल्यामुळे तिथे रानफुलं टिकून आहेत, आणि आज त्या जागांना निसर्गाच्या दृष्टीने महत्त्वाच्या म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. वनस्पती जपायच्या म्हणून कुणी त्या राखल्या नव्हत्या. सामाईक गवत होतं आणि ते कुणी नांगरू नये एवढीच खबरदारी गाव घेत आलं. फुलं आपोआप राहिली.

(दृश्य : गावातला पब. आत दिवे लागलेले.)

पाहणीनंतर आठवड्याने कोर्ट लीट भरतं. जागा : डव्हकोट इन, गावातला पब. कोर्ट लीट म्हणजे जमीनदारीच्या काळातली गावची न्यायसभा. जमीनमालकाच्या वतीने स्टुअर्ड तिचं कामकाज चालवतो. ज्युरीने लिहून आणलेला कागद वाचला जातो : अमक्याने इतकं जास्त नांगरलं, तमक्याने चर साफ केला नाही. दंड होतो. रक्कम मोठी नसते. पण चारचौघांत नाव वाचलं जातं. ज्या पबमध्ये रोज संध्याकाळी बसायचं तिथेच ते वाचलं गेलं, की पुढच्या पेरणीला नांगर आपसूक जपून चालतो.

अशा न्यायसभा एकेकाळी गावोगावी होत्या. काही आजही समारंभापुरत्या भरतात. १९७७ साली न्यायव्यवस्थेच्या कायद्याने जुन्या स्थानिक न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचं शेतीविषयक कामकाज मात्र राखलं गेलं. इथली सभा अजून खरोखरचं काम करते.

मालक बदलत गेले. अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून १९५२ साली सरकारच्या कृषी मंत्रालयाने हे शिवार घेतलं. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या नावे असलेल्या मालमत्तेकडे गेलं. २०२० मध्ये पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्या वारशाकडे परत आलं. प्रत्येक वेळी गावाला धास्ती वाटली असेल, आणि ती मला समजते. सातबारा दुसऱ्याच्या नावे असलेल्या शिवारात हद्द राखणारी माणसं किती दिवस टिकतील, हा प्रश्न खरा आहे. आजवर टिकली आहेत.

(दृश्य : रस्त्याकडेचा लाकडी सूचनाफलक. काचेआड पिनांनी लावलेला कागद.)

कोर्ट लीट शेतापुरतं. गावातला बाक, बस थांब्याची शेड, मुलांचा झोपाळा, पायवाटेवरचं फाटक, यांच्याकडे कोण पाहतं? त्यासाठी दुसरी सभा आहे, आणि ती इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत आहे : पॅरिश कौन्सिल, आपल्या ग्रामपंचायतीसारखी. लॅक्स्टन आणि शेजारचं मूरहाउस मिळून एक पॅरिश होते.

१८९४ पर्यंत गावचा कारभार चर्चच्या सभेत चाले. पाद्री आणि मोठा जमीनदार म्हणतील ती पूर्व दिशा. त्या वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने कायदा केला आणि गावाला निवडून दिलेली सभा मिळाली. शेतमजूर उभा राहू शकत होता. बायका मत देऊ शकत होत्या, उभ्या राहू शकत होत्या, विवाहित बायकासुद्धा. संसदेसाठी मत द्यायला त्यांना पुढे १९१८ उजाडावं लागलं. ग्लॅडस्टन यांच्या त्या मंत्रिमंडळात लॉर्ड रिपन होते. तेच रिपन, ज्यांनी व्हाइसरॉय असताना १८८२ साली भारतातल्या स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. आपल्याकडचा ठराव आधीचा. इंग्लंडच्या खेड्याला निवडलेली पंचायत त्यानंतर बारा वर्षांनी मिळाली.

आज इंग्लंडमध्ये अशा गावांच्या आणि लहान शहरांच्या मिळून सुमारे १० हजार कौन्सिल आहेत. सभासद किमान पाच, निवडणूक चार वर्षांनी. बहुतेक ठिकाणी सभासदांना मानधन नसतं. पगार असतो तो क्लार्कला, तोही आठवड्याच्या थोड्याच तासांचा. अनेक गावांत उभं राहायलाच पुरेशी माणसं मिळत नाहीत. मग कौन्सिल रिकाम्या जागेवर कुणाला तरी सामावून घेतं. हे मला काळजीचं वाटतं.

फलकावरचा हा कागद सभेच्या किमान पूर्ण तीन दिवस आधी लागावा लागतो. लावल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही, रविवार आणि सरकारी सुट्टीही नाही. हिशेब चुकला तर सभेतल्या निर्णयांवर बोट ठेवता येतं. म्हणून पावसात छत्री सांभाळत, दुसऱ्या हाताने फलकाचं कुलूप काढून पिन टोचणारा क्लार्क हे इंग्लंडच्या लोकशाहीतलं माझ्या लेखी फार मोलाचं दृश्य आहे. कागदावर असतं काय? मागच्या सभेचं इतिवृत्त. कुणाचे हितसंबंध गुंतलेत त्याची नोंद. गवत कापणाऱ्याचं बिल. बांधकाम परवानगीचे अर्ज. वाढलेल्या कुंपणाची तक्रार.

पैसा येतो घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्समधून. पॅरिश आपली रक्कम ठरवते, डिस्ट्रिक्ट कौन्सिल, म्हणजे पॅरिशच्या वरचं आणि काउंटीच्या खालचं, ती वसूल करून देतं, आणि प्रत्येक घराच्या बिलावर पॅरिशचा आकडा वेगळ्या ओळीत छापलेला असतो. वर्षाचे हिशेब ३० कामाच्या दिवसांसाठी खुले ठेवावे लागतात, आणि गावकऱ्याला वह्या उघडून पाहण्याचा हक्क असतो. मार्च ते मे या दरम्यान गावातल्या सगळ्या मतदारांची सभा भरते, आपल्या ग्रामसभेसारखी. अगदी छोट्या पॅरिशमध्ये तर कौन्सिलच नसतं, ही सभाच सर्व काही.

अधिकार मात्र तोकडे. रस्त्यातला खड्डा काउंटीचा. कचऱ्याचा डबा डिस्ट्रिक्टचा. नवी घरं बांधायची परवानगीही डिस्ट्रिक्टची, गावाला फक्त मत कळवता येतं. गावकरी चिडतो तो पॅरिशच्या सभासदावर, कारण तोच दुकानात भेटतो. मग क्लार्क पत्र लिहितो. महिन्याने पुन्हा लिहितो. खड्डा बुजेपर्यंत लिहीत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं की काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन थर आहेत तिथे एकच मोठं कौन्सिल आणायचं. नॉटिंगहॅमशरही त्यात येतं. तसं झालं की वरचं कार्यालय गावापासून आणखी लांब जाईल आणि या पत्रांचं वजन वाढवावं लागेल.

पण कायद्यात काही जागा गावाच्या बाजूच्याही आहेत. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी जमीन मिळवून देण्याचा विचार पॅरिशला करावाच लागतो. सहा सह्या! एका वाफ्याचं जुनं माप दहा रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. एका कुटुंबाचे बटाटे आणि वाटाणे त्यात निघतात.

(दृश्य : लाल टेलिफोन पेटी. दार उघडतं.)

आणि ही लाल पेटी. सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली आखलेली. मोबाइल आले, पेट्या ओस पडल्या. २००८ पासून टेलिफोन कंपनी एका पौंडाला त्या गावांना देऊ लागली. हजारो गावांनी घेतल्या. कुठे आत पुस्तकं ठेवलीत, कुठे बंद पडलेलं हृदय सुरू करायचं विजेचं यंत्र. रुग्णवाहिका यायला वेळ लागतो अशा खेड्यात ते यंत्र म्हणजे जीव वाचण्याची आशा. पण यंत्राच्या पॅडना मुदत असते, बॅटरी उतरते. म्हणून कुणी तरी नेमाने हे जड दार ओढतं, यंत्राचा दिवा पाहतं, पॅडवरची तारीख वाचतं आणि वहीत लिहितं. बहुतेक वेळा ते काम गावातलं माणूस फुकट करतं. नाव कुठे लागत नाही. वहीत फक्त तारीख असते.

(दृश्य : पुन्हा डव्हकोट इन. हात वर करून शपथ.)

कोर्ट लीट संपत आलंय. जुन्या ज्युरीचं काम झालं. नवी ज्युरी शपथ घेते. पुढच्या वर्षी गहू दुसऱ्या शेतात जाईल आणि पाहणीही तिथे होईल. आज गैरहजर राहिलेल्यांना काही पेन्स दंड लिहिला जातो.

(दृश्य : संध्याकाळचं शिवार. खुंटी एकटी.)

बाहेर अंधार पडायला चार वाजलेले पुरतात. शेताच्या कडेला गेल्या आठवड्याची खुंटी उभी आहे, डोक्यावर हातोड्याची खूण. उन्हाळ्यात ती गवतात बुडून जाईल. तीन वर्षांनी या शेतात पुन्हा गहू येईल, आणि ती जागा शोधून तिथे नवी खुंटी ठोकावी लागेल.