सूर्य आपल्या उत्तरेला जातो तेव्हा

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय 'पृथ्वीची प्रदक्षिणा आणि आपली साधना'. त्यावर बोलणारच आहे. पण आधी मला दक्षिणायनाची, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे सरकतो त्या सहा महिन्यांची, बाजू मांडायची आहे, कारण ती कुणी मांडत नाही. उत्तरायण म्हटलं की आपले हात जोडले जातात. भीष्माचार्य शरशय्येवर त्याच्यासाठी थांबून राहिले, हे लहान पोरालाही ठाऊक. गीतेच्या आठव्या अध्यायात तर सरळ दोन वाटा सांगितल्यात. उत्तरायणाच्या वाटेवर अग्नी, ज्योती, दिवस, शुक्लपक्ष. दक्षिणायनाच्या वाटेवर धूर, रात्र, कृष्णपक्ष. मग आषाढ लागला की देव झोपले, शुभकार्यं थांबली, आता दिवस उतरणीचे, असं आपण धरून चालतो. गोव्यात राहून असं धरून चालणं मला पटत नाही.

का, ते सांगतो. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, त्यामुळे सूर्य उत्तरेकडे तेवढे अंश सरकतो, म्हणजे आपल्याला ओलांडून पुढे जातो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो बरोबर माथ्यावर येतो आणि उत्तरेला निघून जातो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परतताना पुन्हा माथ्यावर. मधले तीन महिने भरदुपारची आपली सावली दक्षिणेला पडते! काशीच्या पंडिताला हे काशीत बसून जन्मभर दिसायचं नाही, कारण काशी कर्कवृत्ताच्या वर आहे. आपल्याला दर वर्षी दिसू शकतं, पण तेव्हा पाऊस असतो आणि आपण छत्रीखाली असतो.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. एका देवळात, गावाचं नाव घेत नाही, शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही दीपस्तंभाची सावली मांडायला घेतली. दर एकादशीला माध्यान्ही जायचं आणि सावलीच्या टोकाला चिऱ्यांवर चुन्याची रेघ ओढायची. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत हं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण राहतो चौऱ्याहत्तरच्या जवळ, म्हणून इथे माध्यान्ह साडेबारा वाजून गेल्यावर होते. तर डिसेंबरात सावली दीपस्तंभाच्या उंचीच्या चार-पंचमांश, पार अग्रशाळेच्या, म्हणजे भाविकांच्या निवासाच्या, दिशेने पसरलेली. मग दर एकादशीला ती आखडत आली. फाल्गुनात पोरांना शिगम्याची ओढ, तरी ती येत होती. वैशाखात सावली चौथऱ्यातच विरली. मुलं स्तंभाभोवती फिरून सावली शोधत होती. आणि पुढच्या खेपेला ती निघाली चौथऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिणेला. एक मुलगी म्हणाली, "सर, सूर्य आम्हांला पार करून गेला." इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला याहून नेमकं वाक्य मिळालेलं नाही.

पुढे काय झालं? एका उत्सवाच्या आधी आवार स्वच्छ करायचं ठरलं, फवारा मारून सगळ्या रेघा धुतल्या आणि वरून रंग दिला. विचारलं तर उत्तर आलं, देवळात चुन्याच्या रेघोट्या शोभत नाहीत. मंडळी, मला याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं. ज्या सूर्याला आपण रोज अर्घ्य देतो त्याची चाल त्याच्याच अंगणात लिहिलेली होती. रोषणाईला जागा होती, तिला नव्हती. पोरांना काय सांगायचं?

असो. संक्रांतीचंही एक सांगायला हवं. दिवस मोठा व्हायला लागतो 21-22 डिसेंबरला, तिळगूळ आपण वाटतो 14-15 जानेवारीला. पृथ्वीचा आस स्वतःच हळूहळू फिरतो, एक फेरा सुमारे 26 हजार वर्षांचा. त्यामुळे राशी आणि ऋतू यांची जोडी साधारण 72 वर्षांत एक दिवस सुटते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एका दिवशी होती. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने यावर काम केलं आणि 22 मार्च 1957 पासून ऋतूंना धरून चालणारं राष्ट्रीय पंचांग लागू झालं. तेव्हा आपण पोर्तुगीज अमलात होतो, आणि नंतरही ते आपल्या घरात शिरलं नाही. संक्रांत हलवू नये असंच माझं मत आहे, पण डिसेंबरातल्या त्या दिवशीही निदान एक समई लावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय आता भरभर घेतो.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, 15 कोटी 21 लाखांवर. ऊन-थंडी ठरते ती कोणता गोलार्ध सूर्याकडे झुकलाय त्यावर. साधनेतही मी हेच धरतो: देवळाच्या शेजारी घर असणं वेगळं, देवाकडे तोंड असणं वेगळं.

दुसरं, 21 जूनला सूर्य चढायचा थांबतो. तीन दिवसांनी, 24 जूनला, आपले ख्रिस्ती बांधव डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून बांयत, म्हणजे विहिरीत, उड्या घेतात. तो सांजांव म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. 'त्याने वाढावं, मी कमी व्हावं' असं योहान येशूबद्दल म्हणतो, आणि नाताळ सहा महिन्यांनी, दिवस वाढू लागताना. जुन्या ख्रिस्ती आचार्यांनी हा संबंध जोडून दाखवला आहे. आपल्याकडे याच सुमाराला आषाढी येते, आणि दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या पुढ्यात चिखलकाला. माणसं चिखलात लोळतात, मोठेपणा उतरवून ठेवतात. श्रावणात वास्कोला दामोदराचा अखंड भजनी सप्ताह. चवथीला गणपतीवरच्या माटोळीत, म्हणजे लाकडी चौकटीत, रानातली फळं बांधतो ती याच पावसाने दिलेली. नवरात्र, दिवाळी, सगळं दक्षिणायनात. भात याच काळात पोसतं. उपास, पारायणं, नामस्मरण यांना आपल्या पूर्वजांनी जो काळ निवडला तो धुराचा कसा म्हणायचा?

शेवटची मागणी, देवळाचा कारभार पाहणारी महाजन मंडळी इथे बसली आहेत म्हणून. देवळाच्या फलकावर तिथी-नक्षत्र लिहिता, त्याच्या खाली त्या दिवसाची माध्यान्हीची वेळ आणि सावलीची दिशा लिहा. मोजायला मुलं मी देतो. आवार धुण्याआधी त्यांना फक्त एकदा विचारा.