फोटोतली नावे फोटोतच लिहा

मंडळी, धुळ्यात बोलायचे तर इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव आधी घ्यायला हवे. गावोगाव फिरून, लोकांच्या घरची दप्तरे सोडवून त्यांनी जुने कागद जमवले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड छापले. १९२६ साली ते याच शहरात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. कागद कोणी कोणाला लिहिला, कधी लिहिला, हे कळले की तो बोलू लागतो. तुमच्या-माझ्या फोनमधल्या फोटोंना मी हीच कसोटी लावतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. सुरत, नाशिक, पुण्याला गेलेले भाऊबंद रोटांच्या प्रसादासाठी गावी येतात आणि सगळे घर एका फोटोत सापडते. काही वर्षांनी तोच फोटो उघडला की जिभाऊंच्या शेजारी बसलेली म्हातारी कोण, हे नव्या पिढीला सांगता येत नाही. फाइलच्या नावात तर नुसते आकडे. म्हणून माझे आजचे म्हणणे एवढेच आहे : नाव, गाव आणि प्रसंग फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवा.

फाइलमध्ये अशी जागा असते. कॅमेरा तारीख-वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही, ‘एक्झिफ’ नावाच्या नोंदीत आपोआप लिहितो. मथळा, माणसांची नावे, टॅग (फोटो शोधायला लावलेल्या शब्दखुणा) यांसाठी ‘आयपीटीसी’ आणि ‘एक्सएमपी’ या नोंदी आहेत. या पद्धती सर्वांना खुल्या आहेत, त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले दुसऱ्यात वाचता येते. याचे मोल मोठे आहे. पिकासा हे फोटो सांभाळायचे सॉफ्टवेअर आपल्याकडे घरोघरी होते. २०१६ साली गूगलने त्याला पूर्णविराम दिला. सॉफ्टवेअर येतात-जातात, फाइल आपल्याजवळ राहते.

फोटो लावून ठेवायला मी डिजीकॅम वापरतो. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समूहाचे हे सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालते. त्याच्या सेटिंगमध्ये मेटाडेटाचा, म्हणजे या आतल्या नोंदींचा, विभाग आहे. तिथे मथळे आणि टॅग फाइलमध्येही लिहिले जातात ना, हे सर्वांत आधी तपासा. नाहीतर तुमची मेहनत त्या संगणकावरच्या डेटाबेसमध्येच अडकेल. टॅग खुशाल मराठीत द्या, अहिराणीत द्या. टॅगच्या पोटात टॅग घालता येतो : ‘गाव’ आणि त्याखाली शिरपूर, साक्री, शहादा, ‘सण’ आणि त्याखाली कानबाई, आखाजी (अक्षय्य तृतीया). मग शहाद्याची आखाजी शोधायला क्षणभर पुरतो. चेहरेही ते ओळखते, आणि हे काम तुमच्याच संगणकावर होते. घरच्या लेकीबाळींचे चेहरे कुठल्या परक्या कंपनीकडे पाठवावे लागत नाहीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

जुने छापील फोटो स्कॅन करताना एक भानगड होते. लग्न आजोबांचे आणि फाइलवर तारीख आजची! डिजीकॅममध्ये तारीख बदलण्याची सोय आहे. नेमका दिवस आठवत नसेल तर वर्ष तरी घाला आणि ‘अंदाजे’ असे मथळ्यात स्पष्ट लिहा. अंदाज खात्रीचा म्हणून लिहू नका, पुढचा माणूस त्यावर विसंबणार आहे.

संपादनाबद्दल थोडक्यात सांगतो. चाळीसगावचे केकी मूस टेबलावर देखावे मांडून फोटो काढत. त्यांचे काम पाहिले की उजेडाची निम्मी लढाई फोटो काढतानाच जिंकायची असते हे पटते. उरलेले कातरणे, उजळणे डिजीकॅममध्ये होते. फाटलेला फोटो सांधायचा तर गिंप हे चित्रे सुधारायचे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. मूळ फाइलवर मात्र कधीच सेव्ह करू नका. डिजीकॅमला सांगून ठेवले तर बदललेली प्रत ते वेगळी ठेवते.

आता वाटण्याचे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकुंचन पावतो आणि आतल्या नोंदीही जातात. भाऊबंदांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे अस्सल फाइल पोचते. चारचौघांत टाकायचा असेल तर उलट करा : लहान मुलांच्या फोटोतून घराचे ठिकाण आधी काढून टाका. डिजीकॅमच्या बॅच रांगेत शेकडो फोटोंच्या प्रती एकदम लहान करता येतात, नोंदीही पुसता येतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे, तापीकाठचे फोटो तुम्ही स्वतः काढले असतील तर विकिमीडिया कॉमन्स या सर्वांना खुल्या चित्रसंग्रहावर मुक्त परवान्याने चढवा, मराठीत वर्णन लिहून.

आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवा. आता समोरच्या संगणकावर कानबाईचे फोटो घेतो. ज्यांनी पेन ड्राइव्ह आणले आहेत त्यांनी पुढे या, आणि सोबत आलेल्या आजीबाईंना आधी खुर्ची द्या. नावे त्या सांगणार आहेत, आपण टाइप करायची.