फोटो स्टॉप आणि दुतोंड्या मारुती

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार.

परदेश सहलींचे अनुभव सांगा, असं संयोजकांनी सांगितलं. देशांची नावं घ्यायची तर बरीच घेता येतील. पण मी आज दोनच माणसांबद्दल बोलणार आहे. एक फ्लोरेन्सची गाइड, दुसरा कंबोडियातल्या अंकोरचा गाइड. बाकी जे काही सांगेन ते या दोघांच्या निमित्तानं.

आम्ही दोघं २०१७ साली ग्रुप टूरनं युरोपला गेलो. बेचाळीस जण, पंधरा दिवस. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आलेत, तेव्हा सहा-सात-आठ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. टूरवाल्यांचा कारभार चोख होता. रोज संध्याकाळी गरम वरण-भात मिळत होता आणि कुणाची बॅग हरवली नाही. तरीही आठव्या दिवशी आमचे हे मला म्हणाले, "आपण बघतोय काय गं?" मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर मी टूरचं माहितीपत्रक पुन्हा काढून वाचलं. जाण्याआधी वाचलं होतं, पण तेव्हा शहरांची नावंच मोजली होती. आता शब्द वाचले. काही ठिकाणांपुढे 'भेट' होतं, काहींपुढे 'फोटो स्टॉप', काहींपुढे 'बसमधून दर्शन'. तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी. भेट असेल तर तिकीट काढून आत नेतात. फोटो स्टॉप म्हणजे खाली उतरा, वीस मिनिटांत परत या. बसमधून दर्शन म्हणजे डाव्या बाजूच्यांना दिसेल, उजव्या बाजूच्यांनी वाकून बघायचं. रोमचं कोलोसियम आमच्या वाट्याला फोटो स्टॉप म्हणून आलं होतं, आणि पत्रकात तसं स्वच्छ लिहिलेलंही होतं. मी इतिहास शिकवत आले आयुष्यभर, आणि ते मी बाहेरून बघून आले. याचं मला अजून वाईट वाटतं.

एवढी घाई का असते, त्याचंही एक कारण सांगते. युरोपात बसच्या ड्रायव्हरनं सलग साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही. कायदा आहे, आणि चांगला कायदा आहे. पण पंधरा दिवसांत आठ देश बसवले की दिवसाचे तास बसमध्येच जातात. उरतात ते तुकडे. टूर मॅनेजर बिचारा घड्याळ बघून ओरडतो आणि आपण त्याच्यावर चिडतो. तो आराखडा त्यानं केलेला नसतो. आपणच 'कमी पैशात जास्त देश' मागितलेले असतात.

आता फ्लोरेन्स. जुन्या गावात मोठ्या बस जाऊ देत नाहीत, म्हणून लांब उतरून चालत गेलो. तिथे आमची स्थानिक गाइड उभी होती. साठीच्या आसपासची, बारीक अंगाची, हातात काठीला बांधलेला लाल रुमाल. आमचा टूर मॅनेजर तिच्याकडे आम्हाला सोपवून गप्प झाला. पुष्कळांना वाटतं की तो अंग चोरतो. तसं नाही. इटलीत परवाना असलेल्या गाइडनंच माहिती द्यायची असते, आणि तो परवाना परीक्षा देऊन मिळवावा लागतो. तिनं प्रत्येकाच्या गळ्यात एकेक रिसीव्हर अडकवला, कानात घालायची वायर दिली आणि बोलायला लागली.

तिथल्या कॅथेड्रलचा घुमट वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या काळात बांधला. जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटांची खास गुंफण करत, एकावर एक कडी चढवत नेला. ती हे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवत होती. मग समोरच्या बाप्तिस्मा मंदिराच्या सोनेरी दारापाशी आली आणि म्हणाली, "हे दार प्रतिकृती आहे. शिल्पकार घिबेर्तीनं सत्तावीस वर्षं खपून केलेलं मूळ दार मागच्या संग्रहालयात आहे." आमच्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "मग इथं कशाला आणलं?" आणि निघाला. त्याच्या मागून आणखी चार निघाले. त्या रिसीव्हरला ठरावीक अंतरापर्यंतच आवाज पोचतो. माणूस लांब गेला की कानात आधी खरखर होते, मग काहीच नाही. ती मान वर करून माणसं मोजत होती आणि बोलत होती. सांता क्रोचे चौकात पोचेपर्यंत तिच्याजवळ आम्ही सात जण उरलो होतो. बाकीचे चामड्याच्या दुकानात.

मला त्या बाईची फार लाज वाटली, म्हणजे तिच्यापुढे आपली लाज वाटली. घुमटाबद्दल जिला मनापासून सांगायचं आहे अशा माणसाकडे आपण पाठ फिरवली. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "तुम्ही इथल्याच का?" एवढंच. ती म्हणाली, "चला, दोन मिनिटांवर आहे."

एका गल्लीच्या कोपऱ्यावर तिनं भिंत दाखवली. भिंतीवर दोन खुणा, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. हात उंच केला तरी पोचणार नाही इतक्या. एक १३३३ सालच्या पुराची, एक १९६६ च्या पुराची. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचे. आर्नो नदी एकाच तारखेला, सहाशे तेहेतीस वर्षांच्या अंतरानं, त्या गावात शिरली. १९६६ साली ही बाई शाळकरी पोर होती. वरच्या मजल्यावरून तिनं रस्त्याची नदी झालेली बघितली. पाणी गेलं, चिखल राहिला, आणि त्या चिखलात घरं तापवायचं तेल मिसळलेलं होतं. "तो वास," ती म्हणाली आणि नाकाशी हात नेला. पन्नास वर्षांनंतरही हात आपसूक नाकाशी गेला.

आमच्याकडे २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर येऊन गेला होता. वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी तिला म्हटलं, आमच्या गावात नदीकाठी एक मारुती आहे. उंच, उघड्यावर उभा, पुढे एक तोंड, मागे एक तोंड. पाऊस वाढला की गावात एकच प्रश्न असतो, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. पेपरही तसंच छापतात. ती थांबली. "म्हणजे तुमचा देव बुडतो?" म्हटलं, हो, बुडतो. पाणी ओसरलं की आम्ही पुन्हा हार घालतो. तिनं पिशवीतून वही काढली आणि मला 'दुतोंड्या' हा शब्द तीनदा म्हणायला लावून तिच्या लिपीत लिहून घेतला.

मग तिनं ज्या गोष्टी सांगितल्या, त्या रिसीव्हरमध्ये कधी आल्या नसत्या. नदीकाठचं राष्ट्रीय ग्रंथालय पाण्यात गेलं. देशोदेशींची तरुण पोरं न बोलावता आली आणि ओळीनं उभी राहून हातोहात चिखलातली पुस्तकं बाहेर काढत राहिली. गावानं त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हटलं. त्या सोनेरी दाराचे काही भागही त्या पुरात निखळून पडले होते. मूळ दार आज संग्रहालयात आणि चौकात प्रतिकृती आहे, त्यात या पुराचाही हात आहे. 'मग कशाला आणलं' याचं उत्तर तिच्याकडे होतं. विचारणारा थांबला नव्हता.

वीस मिनिटं. एका फोटो स्टॉपइतकाच वेळ. पंधरा दिवसांतून मी काय आणलं असं कुणी विचारलं, तर मी ती वीस मिनिटं सांगते.

आणि तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. परदेश सहलीची तयारी पासपोर्टापासून सुरू होत नाही. ती आपल्या गावापासून सुरू होते. आपली नदी, आपलं देऊळ, आपला पूर नीट माहीत असेल, तर समोरच्या गाइडला आपल्याशी बोलायला जागा मिळते. या सभागृहातल्या किती जणांनी पांडवलेण्यांतलं तीन नंबरचं लेणं आत जाऊन बघितलंय? हात वर करा. … बघा. पन्नासेक हातही नाहीत. आपण मुलांना सांगतो की पांडवांनी एका रात्रीत खोदलं. ती बौद्ध लेणी आहेत. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे. एका आईनं दगडात कोरून घेतलेलं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. काळारामाला आपण किती वेळा गेलो? २ मार्च १९३० ला त्याच दारापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, हे पाहुण्यांना आपण दाराशी उभं राहून सांगतो का? युरोपला जाण्याआधी दोन दिवस नाशिकमध्ये पाहुणे म्हणून फिरा. मी अगदी कळकळीनं सांगते आहे.

२०१९ साली कंबोडियाला गेलो, तेव्हा मी टूरवाल्याला आधी तीनच प्रश्न विचारले. एका हॉटेलात किती रात्री? कुठल्या जागा आतून? स्थानिक गाइड रोज किती तास? तिसऱ्या प्रश्नाला त्याला फोन करून उत्तर द्यावं लागलं. यापूर्वी कुणी विचारलंच नव्हतं म्हणाला. आम्ही दहाच जण होतो आणि चार रात्री एकाच गावात राहिलो.

अंकोर वाटला बहुतेक ग्रुप पहाटे नेतात. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य कळसांच्या मागून वर येतो. तो फोटो झाला की नाश्त्याला हॉटेलवर. आमच्या गाइडनं सांगितलं, नाश्ता डब्यात घ्या, सगळे परत जातील तेव्हा आपण आत जाऊ. तिशीतला मुलगा, इंग्रजी हळू आणि नेमकं. आत गेल्यावर मी सवयीनं डावीकडे वळले, देऊळ उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेला लागले. त्यानं हळूच थांबवलं. "आजी, इथे उलटं." अंकोर वाटच्या भिंतीवरची शिल्पं उलट्या प्रदक्षिणेनं वाचायची आहेत. अंत्यविधीत आपण उलटे फिरतो, तसं. म्हणून पुष्कळ अभ्यासक ते देऊळ राजा सूर्यवर्मन दुसरा याच्या मृत्यूशी जोडतात. माझ्या अंगावर काटा आला. ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ते माझे पाय शिकले होते, स्मशानात.

पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे. एकोणपन्नास मीटर लांब भिंत, मधे विष्णू, खाली कूर्म, एका बाजूला ब्याण्णव असुर, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशी देव, आणि सगळ्यांच्या हातांतून गेलेला वासुकी. मी चालत चालत प्रत्येकाचे हात बघितले. सापाला धरलेले शेकडो हात, एकसारखे ताणलेले. बाराव्या शतकातला दगड.

मी त्या मुलाला म्हटलं, यातून जे अमृत निघालं ना, त्याचा एक थेंब माझ्या गावात पडला. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "मी ही भिंत सहा वर्षं दाखवतोय. पण अमृत पुढे कुठे गेलं ते मला कुणी सांगितलं नाही." मग मी त्याला चार जागा सांगितल्या. हरिद्वार, प्रयाग, उज्जैन, नाशिक. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे मेळा भरतो, म्हणून तो सिंहस्थ. बारा वर्षांनी. पुढचा २०२७ ला. तिथेच ओवरीच्या पायरीवर बसून आम्ही डब्यातला नाश्ता केला, आणि आमच्या ग्रुपमधले तीन जण येऊन बसले. कुणी घाई केली नाही.

"फोटो दाखवा ना नदीचा," तो म्हणाला. मी फोन काढला. त्यात आयफेल टॉवर होता, पिसाचा मनोरा होता, नातवंडं होती. रामकुंडाचा एकही नव्हता.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले. रामकुंडाचा काढला, आणि पलीकडे जाऊन दुतोंड्या मारुतीचा काढला, पुढून आणि मागून. पुराचं पाणी आम्ही या मारुतीवर मोजतो, एवढं लिहून दोन्ही त्याला पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं. त्यानं मारुतीच्या फोटोवर बोटानं एक रेघ ओढली होती, खांद्यापाशी, आणि विचारलं होतं, पाणी इथपर्यंत आलं होतं का?