‘चालायचंच’ म्हणण्याआधी

नमस्कार. गरोदर बाईने काही होतंय असं सांगितलं, की घरातून ठरलेलं उत्तर येतं: ‘हे चालायचंच.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ‘चालायचंच’ म्हणजे सोसायचंच असं नाही, आणि काही तक्रारींच्या बाबतीत तर ते साफ चूक आहे.

गर्भाशय वेळेआधी आकुंचन पावू नये म्हणून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक त्याचे स्नायू सैल ठेवतं. गंमत अशी, की ते गर्भाशयापाशी थांबत नाही. जठराच्या तोंडाची झडप सैल होते, आतडी मंदावतात, पायांच्या शिरा फुगतात. पुढे बाळाचा भार वाढतो. पित्त (म्हणजे छातीतली आंबट जळजळ), बद्धकोष्ठता, पायांची सूज यांचा उगम बराचसा इथेच आहे.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि सोळा ते वीस आठवड्यांत बहुतेकींची थांबते. रिकामं पोट ती वाढवतं. म्हणून उशाशी टोस्ट किंवा मूठभर चुरमुरे ठेवा, अंथरुणातच खा, पंधरा-वीस मिनिटं पडून राहा आणि मग उठा. उठल्याउठल्या चहा नको. नंतर दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं. आपल्याकडची सकाळी दहाला प्यायची पेज इथे अगदी फिट बसते: उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, फार गरम नाही. पाणी जेवणासोबत ढसाढसा न पिता मधल्या वेळेत घोट घोट घ्यावं. मासळी तळण्याचा वास सोसत नसेल, तर काही आठवडे तवा दुसऱ्या कुणी सांभाळावा. हे मी मुद्दाम नवरेमंडळींकडे बघून सांगते. आल्याचा उपयोग होतो, पण त्यालाही माप आहे: दिवसभरात मिळून सुंठीची एक ग्रॅम पूड, तीन-चार वेळा विभागून. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घोटभर पाणीही चोवीस तास टिकत नसेल, लघवी गडद किंवा अगदी कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठायचा. सलाईन लागू शकतं.

पित्तासाठी लोक उशा रचतात. त्याने पोट मध्येच दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा इंचाचे लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरका आणि डाव्या कुशीवर झोपा. सोलकढीने सगळ्यांचंच पित्त शमतं असं नाही; कोकम आंबटच, जिला त्याने जळजळतं तिने ती सोडावी. खाण्याचा सोडा मात्र कुणीच घेऊ नये, त्यात सोडियम भरपूर असतं.

इथेच लोहाच्या गोळीचं बोलू. चौथ्या महिन्यापासून रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असलेली गोळी मिळते. तिने शौचाला काळी आणि घट्ट होते, म्हणून अनेकजणी ती गुपचूप बंद करतात. तसं करू नका. चहा, कॅल्शियम आणि पित्ताची गोळी यांच्यापासून ती दोन तास दूर ठेवा. कोकम किंवा लिंबू सरबतासोबत घेतली तर लोह जास्त शोषलं जातं. मळमळत असेल तर झोपताना घ्या. बद्धकोष्ठतेवर दोन चमचे इसबगोल, पण पूर्ण पेलाभर पाण्यात. पाणी कमी पडलं तर तोच बोळा होऊन अडकतो. एरंडेल नको.

रात्री पोटरीत गोळा आला, की बाई पाय ताणते आणि बोटं पुढे टोकदार करते. त्याने गोळा आणखी घट्ट होतो. गुडघा सरळ ठेवून बोटं नडगीकडे ओढा. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद. दोन्ही पायांना तीन-तीनदा. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखतेय, तर ती चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

कंबरदुखीचं थोडक्यात: आदोळीवर, म्हणजे जमिनीवरच्या विळीवर, वाकून नारळ खवणणं थांबवा, ते काम ओट्यावर उभ्याने करा, आणि झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घेऊ नका, विशेषतः वीस आठवड्यांनंतर.

आता सूज. संध्याकाळी घोट्यांशी येऊन सकाळी उतरणारी सूज साधी. पाय उंच ठेवून वीस मिनिटं डाव्या कुशीवर पडा. पण चेहरा, हात एकाएकी सुजले, डोकं फुटेस्तोवर दुखू लागलं, डोळ्यांसमोर चमकू लागलं, बरगडीखाली दुखू लागलं, तर रक्तदाब लगेच मोजा. 140/90 किंवा अधिक भरला तर सकाळची वाट बघायची नाही, आणि आकडा नॉर्मल आला तरी अशी लक्षणं असताना डॉक्टरांना दाखवायचंच. रक्तस्राव, पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं यालाही हाच नियम. 108 ला फोन करा.

खाजेचं एक राहिलं. दमट हवेत घामोळं आपल्याला नवं नाही. पण पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खाजत असतील, तेही रात्री जास्त, तर ते घामोळं समजून पावडर लावत बसू नका. यकृताचा त्रास असू शकतो. रक्तातल्या पित्ताम्लांची (बाइल अ‍ॅसिड) तपासणी करून घ्या.