आधी कोरडं करा

मंडळी, स्टेकचा, म्हणजे तव्यावर भाजायच्या मांसाच्या जाड तुकड्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: मांसाचा कुठला भाग आणायचा? त्यावर बोलूच. पण आज सुरुवात मी पाण्यापासून करणार आहे, कारण स्टेक आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या हे जेवण घरी बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

एक ग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसवरून उकळीला आणायला साधारण ३३५ ज्यूल उष्णता लागते. उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र सुमारे २,२६० ज्यूल, म्हणजे जवळजवळ सातपट. आता विचार करा, ओलसर स्टेक तापलेल्या तव्यावर टाकला तर काय होईल? तव्याने साठवलेली धग आधी ते पाणी उडवण्यात खर्ची पडते. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं. आणि ज्या खरपूस रंगासाठी, वासासाठी आपण हा खटाटोप करतो, ती प्रक्रिया जोमात येते ती १४० अंशांच्या पुढे. अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि साखरेच्या या संयोगाचं वर्णन लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केलं, म्हणून तिला मेलार्ड प्रक्रिया म्हणतात. पाणी उडेपर्यंत आतलं मांस शिजतच असतं. शेवटी हाती येतो तो बाहेरून राखाडी आणि आतून कोरडा तुकडा. आपण म्हणतो, मांसच चांगलं नव्हतं!

तेव्हा पहिलं काम कागदी रुमालाने स्टेक नीट टिपून घेण्याचं. नीट म्हणजे दोन्ही बाजू, आणि कडासुद्धा.

मीठ कधी लावायचं, हे यालाच जोडून येतं. मीठ लावल्यावर काही मिनिटांत मांसावर पाण्याचे थेंब जमतात. त्या पाण्यात मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं. याला कमीत कमी ४० मिनिटं द्यावी लागतात. म्हणून एकतर तासभर आधी मीठ लावा, नाहीतर तव्यावर टाकायच्या क्षणी. मधल्या १०-२० मिनिटांचा पर्याय सगळ्यात वाईट, आणि नेमका तोच सर्रास निवडला जातो. सवड असेल तर आदल्या रात्री मीठ लावून, जाळीवर ठेवून, न झाकता फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आतपर्यंत पोचतं आणि फ्रीजच्या कोरड्या हवेत वरचा थर आयताच सुकतो. मला स्वतःला याहून चांगली युक्ती माहीत नाही.

आता भाग कुठला? ज्या स्नायूंना जनावराच्या आयुष्यात फारसं काम पडत नाही, ते मऊ: टेंडरलॉइन (पाठीच्या कण्याखालचा), रिबआय (बरगड्यांजवळचा), स्ट्रिप (कमरेकडचा). टेंडरलॉइन सगळ्यात मऊ, पण चवीला जरा मवाळ. चरबीच्या बारीक रेषा असलेला रिबआय माझ्या मते केव्हाही सरस. खांद्याचे, पायाचे तुकडे या कामाचे नाहीत. त्यांतलं कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधणारं चिवट प्रथिन, विरघळायला तासन् तास मंद आच लागते. जाडी मात्र बघून घ्या. तीन ते चार सेंटिमीटर हवीच. पातळ तुकड्याचा बाहेरून रंग येईपर्यंत आतला कारभार आटोपलेला असतो.

तवा जड हवा, बिडाचा असेल तर उत्तमच. तेल घाला, ते थरथरू लागून धुराची पहिली बारीक रेघ दिसली की स्टेक सोडा. चरचर खणखणीत आली पाहिजे. फुसफुस ऐकू आली तर तवा पुरेसा तापलेला नव्हता. ‘एकदाच उलटा’ असं सांगणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. दर अर्ध्या-एका मिनिटाने उलटत राहिलात तर आच दोन्हीकडून सारखी लागते आणि कडेचा राखाडी पट्टा अरुंद राहतो. लोणी शेवटच्या मिनिटात. आधी घातलं तर करपतं.

इथे एक जुना समज काढून टाकू. तीव्र आचेवर मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, ही कल्पना युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास मांडली. लीबिग मोठा माणूस, पण हे चुकलं. खरपूस थर पाणी अडवत नाही. तव्यावर चालू असलेली चरचर म्हणजे बाहेर पडणारं पाणीच. थर हवा तो चवीसाठी. रस टिकतो तो आतल्या तापमानावर.

म्हणून थर्मामीटर घ्या. मीडियम रेअर (आतून लालसर-गुलाबी) म्हणजे ५४ ते ५७ अंश, मीडियम (आतून फिकट गुलाबी) म्हणजे ६० ते ६३. सत्तरीच्या घरात तंतू इतके आकसतात की रस पिळून निघतो. तव्यावरून उतरवल्यावरही तापमान तीन-चार अंश चढतं, म्हणून तेवढं आधीच उतरवा. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि ३ मिनिटं विसावा अशी आहे. घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्क मंडळी असतील तर तीच पाळा. खिम्याला ७१ अंश, तिथे सवलत नाही, कारण पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात.

आता भाज्या. तिथेही वैरी तोच, पण तापमानाचं गणित उलटं. भाजीच्या पेशींना सांधणारं पेक्टिन सुटायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. त्या तापमानाला स्टेकचं चामडं झालेलं असतं! तेव्हा दोन्ही एकाच ट्रेमध्ये टाकून मोकळं व्हायचा मोह आवरा.

ओव्हन २२० अंशांवर. बटाटे आणि गाजरांना ३५-४० मिनिटं, ब्रोकोली आणि सिमला मिरचीला निम्म्याहून थोडा जास्त वेळ, म्हणून त्या मागाहून घाला. फोडी पुसून कोरड्या करा, तेलाचा हात फिरवा आणि ट्रेमध्ये सुट्या पसरा. खच्चून भरलेल्या ट्रेमध्ये फोडी एकमेकींच्या वाफेत शिजतात. जागा नसेल तर दुसरा ट्रे घ्या. बटाटे आधी चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धवट उकडा, पाणी निथळून उघडेच ठेवा आणि वाफ पुरती जाऊ द्या. मग भांडं दोन-तीनदा हिसडा. कडा भुरभुरीत झाल्या की तेल तिथे धरतं आणि कवच कुरकुरीत येतं.

क्रम असा: भाज्या आधी. त्या तयार व्हायला १५ मिनिटं उरली की तवा तापत ठेवा. स्टेकला आठ-दहा मिनिटं, मग जाळीवर पाचेक मिनिटं विसावा. तेवढ्यात तव्यातली जास्तीची चरबी काढून अर्धी वाटी पाणी किंवा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओता. आता मात्र पाणी हवंच आहे: तळाला चिकटलेला खरपूस थर ते सोडवून घेतं. लाकडी उलथन्याने खरवडा, निम्मं आटवा, आच बंद करून लोण्याचा गोळा ढवळा. स्टेक तंतूंना आडवा कापा. पाटावर सांडलेला रसही त्या सॉसमध्येच ओता, आणि मीठ त्यानंतर चाखून घाला.