आठवडाभर आजारी, रविवारी ठणठणीत

नमस्कार श्रोतेहो. 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल मनातल्या मनात धरा. आता त्या चालीवर हे ऐका:

आल्टैट इस कोर्टयाक्ये झीक,
मिडन इन द वेक, मार झोन्डाख्स नीट.

डच बालगीत आहे, जुनं. कोर्टयाक्ये नावाची बाई नेहमी आजारी असते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत हं, रविवारी नाही! रविवारी ती चांदीने मढवलेलं पुस्तक घेऊन चर्चला जाते. आपल्याकडे अशा आजाराला काय म्हणतात, ते मी सांगायला नको.

नेदरलँड्समध्ये आले तेव्हा मी वहीत शब्दांच्या याद्या करायची. 'झीक' म्हणजे आजारी, 'आल्टैट' म्हणजे नेहमी. सकाळी पाठ, संध्याकाळी पाटी कोरी. मग मुलगी शाळेतून हे गाणं घेऊन आली आणि भांडी घासताना तेच तोंडात बसलं.

शब्द आले ते आलेच, पण खरी गंमत त्यांच्या क्रमात होती. 'आल्टैट इस कोर्टयाक्ये झीक', म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर 'नेहमी आहे कोर्टयाक्ये आजारी'. पुढची ओळ 'झोन्डाख्स खाट झै', म्हणजे 'रविवारी जाते ती'. साध्या डच विधानात क्रियापदाची जागा दुसरी. सुरुवातीला 'नेहमी' आलं, 'रविवारी' आलं, की कर्त्याने मुकाट मागे सरकायचं. आपण 'उद्या मी येते' म्हणतो आणि 'उद्या येते मी'सुद्धा. डचला यातलं दुसरंच चालतं: 'मॉर्खन कोम इक'. मी कित्येक महिने 'मॉर्खन इक कोम' म्हणत होते. नियम वर्गात शिकवला होता, वहीत लाल शाईने लिहिलाही होता. जीभ वळली ती मात्र या बाईमुळे.

तिच्या नावातही एक धडा आहे. 'कोर्ट' म्हणजे आखूड, 'याक' म्हणजे जाकीट आणि शेवटचा 'ये' लाडाचा, लहानपणाचा. 'केर्क' म्हणजे चर्च, तर 'केर्क्ये' म्हणजे चिमुकलं चर्च. डच नामाआधी 'द' किंवा 'हेट' लागतं, आणि कुठल्या नामाला कुठलं हे पाठ करता करता माणूस रडकुंडीला येतो. पण हा 'ये' लागला की डोळे मिटून 'हेट' म्हणायचं, कारण ते नाम नपुंसकलिंगी होतं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. गाय ती, बैल तो, पण वासरू ते. मेंढी ती, कोकरू ते. मुलगी ती, पण पोरगं ते! डचमध्येही मुलगी 'हेट मैश्ये'च.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'झिल्व्हरवेर्क', म्हणजे चांदीकाम, हा शब्द मला पहिल्या महिन्यातच तोंडपाठ होता. दुकानात बटाटे मागताना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आणि 'झोन्डाख्स'मधला तो 'ख' घसा खाकरून काढायचा बरं का. चला, म्हणा माझ्याबरोबर: आल्टैट इस...